डब्याची भीती : खरी किती, खोटी किती?

आमच्या घरी मायक्रोवेव्ह आला, तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'डबा' ठेवलं, आणि तेच घरात रूढ झालं. "जाळ नाही, धूर नाही, अन् दूध उकळायलंय. ह्यात कायतरी लबाडी आहे," असं म्हणून त्या देवघरात निघून गेल्या.

संध्याकाळी दोघी-तिघी शेजारणी डबा बघायला आल्या. चहा झाला आणि एकेकीने आपली शंका बाहेर काढली. एक म्हणाली, ह्यातलं खाल्लं की कॅन्सर होतो. दुसरी म्हणाली, अन्नातलं सत्त्वच मरून जातं. तिसरीने तर चालू असताना समोर उभंसुद्धा राहायचं नाही, डोळे जातात, असं निक्षून सांगितलं. मी पडले पदवीधर, शाळेत चार तास शिकवणारी! मी सगळ्यांच्याच शंका हसण्यावारी नेल्या.

सासूबाईंची तक्रार मात्र निराळी होती. "अगं, त्या डब्याला हात लागला की बोटांना मुंग्या यायल्यात बघ." मी म्हटलं, "आई, मनाची भीती आहे ती. सवय झाली की जाईल." त्यांनी पुन्हा दोनदा सांगितलं, मी दोनदा तेच उत्तर दिलं. असे पंधरा दिवस गेले.

मग एका रविवारी मी स्वयंपाकघर धुऊन काढलं. फरशी अजून ओली होती. माझी चार वर्षांची मुलगी अनवाणी आत आली, बुटक्या टेबलाला धरून उभी राहिली आणि तिचा हात डब्याच्या मागच्या उघड्या पत्र्याला लागला. ती किंचाळली, "आई, चावलं मला!"

मी आधी मेन स्विच बंद केला आणि मग तिला उचलून घेतलं. तिला काही झालं नाही, झटका हलका होता. पण माझे हातपाय गार पडले. दुपारी वायरमन आला. त्याने सॉकेट उघडलं आणि मला आत बघायला लावलं. "वहिनी, भोकं तीन आहेत, पण तारा दोनच. अर्थिंगची तार आहेच कुठं?" आमच्या जुन्या घराचं वायरिंग झालं तेव्हा बल्ब आणि पंखा ह्यांपलीकडे कोणाची मागणीच नव्हती. पुढे कोणीतरी तीन पिनांचं सॉकेट बसवलं, पण ते नुसतं दिसायला तीन पिनांचं.

शेजारणींच्या तीन शंका खोट्या होत्या. सासूबाईंची चौथी अगदी खरी होती. मी चारही एकाच पाटीत टाकल्या, ही माझी चूक. तांदूळ निवडताना आपण खडे वेगळे करतो, पण म्हणून मूठभर दाणे फेकून देत नाही. भीतीही तशीच निवडून घ्यावी लागते. त्या दिवसापासून मी ह्या डब्याची माहिती नीट मिळवली. मैत्रिणींनो, तीच आज तुमच्यापुढे ठेवते आहे.

आत घडतं तरी काय?

मायक्रोवेव्ह काही स्वयंपाकघरात जन्मला नाही, तो आला रडारमधून. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमानं हुडकण्यासाठी रडारमध्ये मॅग्नेट्रॉन नावाची नळी वापरत. १९४५ साली अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीत काम करणारे पर्सी स्पेन्सर चालू मॅग्नेट्रॉनजवळ उभे होते, तेव्हा त्यांच्या खिशातली खाऊची वडी वितळली, अशी हकिगत सांगतात. त्यांनी मग मक्याचे दाणे जवळ धरून पाहिले, तर त्यांच्या लाह्या झाल्या. १९४७ साली आलेलं पहिलं यंत्र जवळजवळ सहा फूट उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचं होतं. घरात ओट्यावर मावेल असा ओव्हन लोकप्रिय व्हायला १९६७ साल उजाडलं.

ह्या नळीतून निघणाऱ्या लहरी रेडिओच्या लहरींच्याच जातकुळीतल्या. सेकंदाला त्यांची २४५ कोटी आवर्तनं होतात. अन्नातल्या पाण्याचे कण त्या लहरींबरोबर सारखे फिरू पाहतात, एकमेकांवर घासतात आणि त्यातून उष्णता तयार होते. म्हणजे गॅसवर आधी भांडं तापतं आणि मग अन्न. इथे मात्र अन्न स्वतःच तापतं. काच आणि चिनी मातीतून लहरी आरपार जातात, म्हणून ही भांडी स्वतः फारशी तापत नाहीत. नंतर तापतात ती आतल्या गरम अन्नामुळे. धातू लहरींना परतवून लावतो.

हा डबा अन्न 'आतून बाहेर' शिजवतो, असं पुष्कळजणी सांगतात. ते खरं नाही. लहरी अन्नात साधारण दोन-तीन सेंटीमीटरच शिरतात. त्याच्या आतला भाग बाहेरच्या उष्णतेनेच हळूहळू शिजतो. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. अन्नाचा ढीग न करता ते ताटलीत कडेकडेने पसरून ठेवायचं, अर्ध्या वेळेत एकदा हलवायचं, आणि बंद झाल्यावर दोन मिनिटं झाकून तसंच राहू द्यायचं. ही शेवटची दोन मिनिटं पुष्कळजणी देत नाहीत आणि मग 'मधे गारच राहतं' म्हणून डब्याला नावं ठेवतात.

ज्या भीतीला निरोप द्यावा

पहिली, कॅन्सरची. ह्या लहरी एक्स-रेसारख्या नाहीत. त्या कणांना हलवतात, तापवतात. शरीरातल्या पेशींची मोडतोड करून कॅन्सर उपजवण्याइतकी ताकद त्यांच्यात नसते. बटण बंद झालं की लहरीही संपल्या. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तशा त्या अन्नात साठून राहत नाहीत.

दुसरी, सत्त्व मरण्याची. उष्णतेने काही जीवनसत्त्वं कमी होतात, पण ती चुलीवर, गॅसवर आणि कुकरमध्येही होतात. भाजी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं, तर 'क' जीवनसत्त्व त्याच्याबरोबर मोरीत जातं. डब्यात थोड्या पाण्यात, थोड्या वेळात भाजी शिजते. त्यामुळे नुकसान झालंच तर उकळण्याइतकं किंवा त्याहून कमी होतं.

तिसरी, डोळ्यांची. दाराच्या काचेत बारीक भोकांची धातूची जाळी असते, ती नीट बघा. ह्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर, आणि जाळीची भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. चाळणीतून पीठ खाली पडतं, कोंडा वर राहतो, तसाच हा प्रकार : उजेड बाहेर येतो म्हणून आपल्याला आतलं दिसतं, पण लहरी आतच अडतात. दार उघडलं की यंत्र आपोआप बंद पडेल अशी कळही आत असते. मात्र ही खात्री दार धडधाकट असेल तोवरच. बिजागरी ढिली झाली, दार वाकलं, जाळी फाटली किंवा दार उघडं असताना डबा चालू राहिला, तर तो दुरुस्त होईपर्यंत वापरायचा नाही. इथे शेजारणीच्या भीतीला थोडं ऐकावंच.

मोबाइल आत ठेवून बाहेरून फोन लावायचा, घंटी वाजली की लहरी गळतात असं समजायचं, अशी एक परीक्षा सध्या सांगितली जाते. तिच्यावर विसंबू नका. मोबाइलच्या लहरी निराळ्या, आणि अगदी क्षीण लहरींवरही तो वाजतो. त्यावरून डबा चांगला की वाईट, काहीच ठरत नाही.

ज्या भीतीचं ऐकावं : वीज

आता सासूबाईंची भीती. आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची. मायक्रोवेव्हच्या पोटात तिचाच दाब काही हजार व्होल्टपर्यंत चढवलेला असतो. ही वीज चुकून बाहेरच्या पत्र्यावर उतरली, तर तिला जमिनीत जायला सोपी वाट हवी. ती वाट म्हणजे तिसरी तार, अर्थिंगची. ती नसेल तर वीज आपल्या अंगातून वाट काढते. त्यातून पाय ओले आणि अनवाणी असले, तर विचारूच नका.

म्हणून डबा घेण्याआधी, आणि घेतला असेल तर ह्याच आठवड्यात, वायरमनला बोलावून सॉकेट उघडून बघा. नुसती तिसरी तार दिसली की झालं, असंही नाही; ती खरोखर जमिनीपर्यंत पोचते का, हे त्याच्याकडून तपासून घ्या. अर्थिंगसाठी अंगणात जो खड्डा करतात, त्यात नळीभोवती कोळसा आणि मीठ भरतात, ते ओल टिकावी म्हणून. आपल्याकडे वैशाखात जमीन भेगाळते, तेव्हा हा खड्डाही कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. तुळशीला पाणी घालताना दोन तांबे त्या खड्ड्यातही ओतायचे. आमच्याकडे हे काम आता सासूबाईंनी आपणहून घेतलं आहे.

काहीजण प्लगची जाड पिन कापून तो दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवतात. काही ठिकाणी अर्थिंगची तार सॉकेटमध्येच न्यूट्रलला किंवा बाहेर नळाच्या पाइपला जोडून देतात. हे दोन्ही जिवावरचे खेळ आहेत. घरातल्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्यावी. वीज भलतीकडे झिरपू लागली की ती क्षणात पुरवठा तोडते. पण ती बसवली म्हणून अर्थिंगला सुट्टी नाही; दोन्ही पाहिजेत.

साध्या लहान ओव्हनवर ८०० वॉट लिहिलेलं असेल, तर ती अन्नाला मिळणारी शक्ती. तो मीटरमधून खेचतो सुमारे १,२०० वॉट. केक-बिस्किटं भाजणारा कन्व्हेक्शनचा ओव्हन दोन हजारांच्याही वर जातो. म्हणून त्याला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट हवं. त्याच सॉकेटवर एक्स्टेंशन टाकून मिक्सर किंवा इस्त्री लावू नये. खर्चाचा हिशेब मात्र फार घाबरवणारा नाही : १,२०० वॉटवर पाच मिनिटं म्हणजे एका युनिटचा दहावा भाग.

येलदरीचं धरण आपल्याच तालुक्यात, पूर्णा नदीवर. तिथल्या तीन संचांची मिळून वीजनिर्मितीची क्षमता २२.५ मेगावॉट आहे. तरी वादळवाऱ्यात वीज जायची ती जातेच! ती परत येते तेव्हा दाब कमी-जास्त होत असतो, म्हणून पाच-दहा मिनिटं थांबून मगच डबा लावावा. कडकडाट सुरू झाला की प्लग काढूनच ठेवावा. पंखे-दिव्यांसाठी बसवलेल्या घरच्या इन्व्हर्टरवर तर तो मुळीच लावू नये. त्याच्याने तो भार पेलवत नाही.

ज्या भीतीचं ऐकावं : भाजणं आणि फुटणं

तान्ह्या बाळाचं दूध ह्यात गरम करू नका. बाटली हाताला कोमट लागते, पण मधल्याच एखाद्या जागी दूध कढत असतं आणि बाळाचं तोंड भाजतं. त्यासाठी गरम पाण्याच्या भांड्यात बाटली ठेवायची जुनी रीतच उत्तम. मोठ्या मुलांचं दूधही चमच्याने तळापासून ढवळून, चव घेऊनच द्यावं.

नुसतं पाणी स्वच्छ, गुळगुळीत काचेच्या पेल्यात तापवलं, तर ते उकळी न फुटताच उकळीच्या पलीकडे तापू शकतं. मग चहाची पूड टाकायला जावं, तर सगळं पाणी एकदम उसळून हातावर येतं. म्हणून पेल्यात आधी एखादा लाकडी चमचा ठेवावा, आणि बंद झाल्यावर अर्धा मिनिट थांबून मग पेला बाहेर काढावा.

सालीसकट अंडं ह्यात उकडायचं नाही. ते फुटतं, आणि कधीकधी बाहेर काढल्यावर हातात फुटतं. उकडलेलं अख्खं अंडंसुद्धा पुन्हा गरम करू नये. बटाटा, वांगं, टोमॅटो ह्यांना काट्याने चार ठिकाणी टोचून घ्यावं. घट्ट झाकणाचा डबा नको, झाकण जरा कलतं ठेवावं. तेलात तळणं तर नाहीच नाही. आणि आत काही पेटलंच, तर दार उघडायचं नाही. आधी बटण बंद, मग प्लग बाहेर. हवा मिळाली नाही की जाळ आपोआप विझतो.

भांडं कोणतं?

स्टीलची वाटी, ॲल्युमिनिअमचा डबा, पितळ-तांबं, चांदीचा वर्ख लावलेली मिठाई आणि सोनेरी काठाच्या कपबश्या ह्या सगळ्यांना आत मज्जाव, ठिणग्या उडतात. मेलामाइनच्या बश्या लहरींनी स्वतःच तापतात, त्याही नकोत. आपण सरसकट ज्याला 'बोरोसिल' म्हणतो ती बोरोसिलिकेट काच सगळ्यांत चांगली. प्लॅस्टिकवर मायक्रोवेव्हची खूण असेल तरच घ्यावं. आइस्क्रीमचे आणि श्रीखंडाचे रिकामे डबे घेऊ नयेत. वर्तमानपत्राचा कागदही नको, तो पेट घेऊ शकतो.

भांड्याची शंका असेल, तर ते रिकामं आत ठेवून शेजारी पाण्याने भरलेला काचेचा पेला ठेवा आणि एक मिनिट चालवा. पाणी तापलं आणि भांडं गार राहिलं तर ते चालेल. भांडंच तापलं तर ते बाद. ही परीक्षा धातूच्या किंवा सोनेरी काठाच्या भांड्याची मात्र घ्यायची नाही.

आपल्या स्वयंपाकात त्याचा उपयोग किती?

सरळच सांगते, ज्वारीची भाकरी ह्यात होत नाही. तिला तव्याचा चटका आणि वर जाळाचा पापुद्राच हवा. सकाळची भाकरी गरम करायची, तर पाण्याचा हात लावून, ओलसर सुती फडक्यात गुंडाळून १५-२० सेकंद ठेवावी आणि लगेच खावी. जास्त ठेवली तर आतली वाफ निघून जाते आणि भाकरीचं चामडं होतं.

शेंगदाणे मात्र छान भाजले जातात. एक वाटी दाणे पसरट काचेच्या भांड्यात घेऊन एकेक मिनिटाने हलवायचे. तीन-चार मिनिटांत होतात. वरून रंग दिसण्याची वाट बघू नका, कारण दाणा आतून आधी करपतो. खमंग वास सुटला की थांबावं, पुढचं काम त्याची ऊब करते. पापड ४० ते ६० सेकंदांत भाजून होतो. लाल मिरच्या मात्र ह्यात भाजू नका. ठसका तर लागतोच, वर त्या पेटण्याचीही भीती असते.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. हा डबा शिळं ताजं करत नाही, फक्त गरम करतो. उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात काही जंतू असं विष तयार करतात, की जे पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उरलेला भात-वरण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, आणि काढल्यावर मधोमध वाफ येईपर्यंत तापवा.

निगा

डब्याची निगा फ्रीजपेक्षा सोपी आहे, पण ती रोजची पाहिजे. सांडलेलं अन्नही लहरी शोषून घेतं आणि तिथेच करपतं. आतल्या बाजूला, लहरी येतात तिथे अभ्रकाचा एक पातळ पत्रा असतो. त्यावर तूप-तेलाचे शिंतोडे जळले की ठिणग्या उडू लागतात. तो काढून टाकायचा नसतो. ओल्या फडक्याने पुसायचा, आणि जळाला तर बदलून घ्यायचा.

आठवड्यातून एकदा वाटीभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून, त्यात लाकडी चमचा ठेवून तीन-चार मिनिटं चालवावं आणि दहा मिनिटं दार बंदच ठेवावं. वाफेने सगळं सुटतं, मग प्लग काढून मऊ फडक्याने पुसून घ्यावं. तारेची घासणी आणि राख नको. आतला रंग गेला की पत्रा गंजतो. फिरती काचेची ताटली गरम असताना गार पाण्याखाली धरू नये, तडकते. दाराच्या कडाही पुसून स्वच्छ ठेवाव्या, म्हणजे दार नीट मिटतं.

रिकामा डबा कधीही चालवू नये. लहरींना शोषायला काही मिळालं नाही, तर त्या उलट फिरून मॅग्नेट्रॉनलाच तापवतात. लहान मुलं घरात असतील, तर काम नसताना प्लग काढून ठेवणं बरं.

आपल्याला टीव्ही-फ्रीजवर भरतकामाचं आच्छादन घालायची हौस असते. मीही एक विणायला घेतलं होतं! पण डब्याच्या बाजूंना आणि मागे वाफ-उष्णता जाण्यासाठी फटी असतात, त्या झाकू नयेत. मागे आणि बाजूंना चार बोटं, वर वीतभर जागा मोकळी सोडावी. ह्या फटींतून झुरळं, मुंग्या आणि पालीही आत शिरतात, कारण तिथे ऊब असते. जंतुनाशकाचा फवारा आत मारायचा नाही. रात्री खरकटं न ठेवणं, हाच त्यावर उपाय.

आणि बिघडला, तर घरी उघडायचा नाही. गल्लीतला एखादा हुशार मुलगा "काकू, मी बघतो" म्हणेल. त्याच्या आईची शपथ घालून त्याला थांबवा. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज साठून राहू शकते. हे काम ते शिकलेल्या माणसाचंच.

आमच्याकडे नवी तार ओढली, अंगणात खड्डा केला, आरसीसीबी बसली. वायरमनने पुन्हा तपासलं आणि मग सासूबाईंना म्हणाला, "आजी, आता लावा हात." त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग एक बोट पत्र्याला टेकवलं, मग अख्खा पंजा. "आता नाही यायल्या मुंग्या," त्या म्हणाल्या. मी त्यांची माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी स्वतःचं दूध मात्र त्यांनी स्वतः डब्यात गरम करून घेतलं.

घरात कोणी, म्हातारं माणूस असो की मूल, "मला काहीतरी जाणवतंय" म्हणालं, तर हसण्याआधी एकदा सॉकेट उघडून बघायला लावा.